सत्तावीस खिळे आणि एक ढाल

"बाबा, तुम्ही मालकांना घाबरता का?"

प्रश्न तोफेने विचारला, पण त्यामागचं कारस्थान तिच्या मैत्रिणींचं होतं. शाळेत डबा खाताना त्यांनी पैज लावली, की आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत दोनशे माणसांसमोर धडाडणारी ही तोफ घरी बाबांना एवढा एक प्रश्न काही विचारू शकणार नाही. तोफ आव्हानाला आधी 'हो' म्हणते आणि मग आव्हान काय आहे ते विचारते. दीड वर्षापूर्वी हीच मुलगी हजेरीला 'हजर' म्हणताना कानापर्यंत लाल व्हायची, हे आता सांगून कुणाला खरं वाटत नाही. तिला स्वतःलाही वाटत नाही.

रविवारची सकाळ होती. बाबा गालाला साबण फासून जमिनीवर बसले होते आणि आरसा खुर्चीवर बसला होता. कारण भिंतीला खिळा नव्हता. भिंतीला खिळा नव्हता, कारण खाली राहणाऱ्या घरमालकांना खिळा चालत नव्हता. बावीस वर्षं या घरात कॅलेंडर फ्रिजला चिकटून होतं, घड्याळ साखरेच्या डब्याला टेकून होतं आणि आजोबांचा फोटो कपाटावर उताणा निजला होता. आजोबांना बघायचं तर स्टुलावर चढावं लागे.

"घाबरतो? मी?" बाबा म्हणाले. म्हणजे कुजबुजले. आवाज नेहमी खाली जातो असं त्यांचं ठाम मत होतं. "मी त्यांचा मान ठेवतो, एवढंच."

"मग घरात टाचा उचलून का चालता?"

"पोटऱ्यांचा व्यायाम आहे तो."

"मग माझ्या ढालीसाठी एक खिळा का नाही मागत?"

इथे ढालीबद्दल सांगायलाच हवं. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस म्हणजे चांगली दोन हात उंचीची लाकडी ढाल. ढाल फिरती होती. वर्षभर विजेत्याच्या घरी राहायची, मग शाळेत परत. ती ज्याने घडवली त्याने खाली टोक केलं होतं आणि मागे कडी लावली होती. म्हणजे ती फक्त टांगता येते. टेबलावर उभी राहत नाही, कपाटाला टेकली तर घसरते. पाच महिने झाले, तोफेची ढाल पलंगाखाली पडून होती, शेजारी जुनी बादली आणि हिवाळी पांघरुणं. विजयाची ही अशी परवड इतिहासात दुसरी सापडायची नाही, असं तोफेचं मत होतं, आणि इतिहासात तिला गुण चांगले होते.

बाबांच्या हातातला वस्तरा थांबला. अर्धा गाल पांढरा, अर्धा लाल. पोरीने मर्मावर बोट ठेवलं होतं. ते उठले, खिडकी लावली, पंखा मोठा केला आणि तोफेच्या कानाशी येऊन म्हणाले, "ऐक. मी स्वतः मालक आहे."

"कशाचे?"

"घराचे. दोन खोल्या, चौथा मजला. दोन महिने झाले ताबा मिळून."

स्वयंपाकघरातून आईने कपाळाला हात लावल्याचा आवाज आला. तिला माहीत होतं, आणि कुणाला सांगायचं नाही अशी तिला ताकीद होती.

"मग आपण तिथे राहायला का जात नाही?"

उत्तर आईने दिलं, "जायचं तर मालकांना सांगावं लागेल ना! ते सांगणार कोण?"

तर असं होतं. माणसाने पोटाला चिमटा काढून घर घेतलं होतं आणि 'आम्ही सोडून जातोय' हे तीन शब्द तोंडातून निघेनात, म्हणून तो भाड्याच्या घरातच राहणार होता. स्वतःचं घर तो भाड्याने देणार होता. गुपचूप. तोफ पैज जिंकली, पण जिंकल्याचा आनंद काही होईना.

घर पाहावं बांधून म्हणतात. भाड्याने देऊन पाहावं असं कुणी म्हणत नाही, कारण ज्यांनी दिलं ते पुढे म्हणी रचण्याच्या अवस्थेत उरले नसावेत. बाबांनी सल्ले गोळा करायला सुरुवात केली. ऑफिसातले हेडक्लार्क म्हणाले, भाडेकरूची पायताणं बघून घ्या, टाच एका बाजूला झिजलेली असेल तर माणूस भांडखोर. आत्या फोनवर म्हणाली, ज्याच्याकडे कुत्रं आहे त्याला देऊ नकोस आणि ज्याला कुत्रं आवडत नाही त्याला तर मुळीच देऊ नकोस. बाबांनी दोन्ही सल्ले वहीत लिहून घेतले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण या विषयातला सगळ्यात जाणता माणूस म्हणून ते खाली मालकांकडेच गेले. तोफ सोबत होती.

"माझा एक मित्र आहे," बाबा दारातच उभे राहून म्हणाले. बावीस वर्षांत ते मालकांच्या खुर्चीवर बसले नव्हते. "तो घर भाड्याने देतोय म्हणे. त्याने काय काळजी घ्यावी?"

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. जाडजूड, संथ गृहस्थ. "मित्राला सांगा, नियम कडक ठेव. खिळा नाही, पाहुणे नाहीत, नऊनंतर नळ नाही. साधा माणूस असेल तर वर्षभरात कंटाळून आपोआप जातो." मग बाबांकडे बघून त्यांनी मोठा उसासा टाकला. "तुमच्यासारखा एखादा मिळाला तर मात्र गोष्ट वेगळी. तो जातच नाही."

ही स्तुती बाबा तीन दिवस सगळ्यांना ऐकवत होते.

तीन-चार महिने शोधल्यावर भाडेकरू मिळाला, तो घड्याळजी. बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, दुकानामागे खोली, तिथेच तो एकटा राहायचा. आता जरा हवेशीर जागा हवी म्हणत होता. किडकिडीत, वाकलेला, डोळ्याला भिंग लावायची इतकी सवय की भिंग नसतानाही एक डोळा बारीक करून बोलायचा. घर बघायला आला तेव्हा दाराबाहेर अदबीने उभा राहिला. बाबाही आत अदबीने उभे राहिले. "आपण आधी", "छे, आपण आधी" यात पहिली दहा मिनिटं गेली. दोघांचाही जन्म दुसऱ्याच्या घरात गेलेला, त्यामुळे मालकासारखं कसं वागायचं हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तोफ म्हणाली, "काका, या आत," तेव्हा कुठे दोघं आत गेले.

जाता जाता घड्याळजीने चाचरत विचारलं, "एखादा खिळा ठोकला तर... चालेल का?"

बाबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. बावीस वर्षं जो प्रश्न त्यांनी गिळला होता, तो आज कुणीतरी त्यांनाच विचारत होतं! गहिवरून ते म्हणाले, "ठोका! हवे तेवढे ठोका!"

असं कुठल्याही माणसाला सांगावं. भिंतीवरची सत्तावीस घड्याळं बाळगणाऱ्या माणसाला सांगू नये.

पण खरा घोळ घातला तो सरकारी कचेरीने. भाडेकरार नोंदवायला बाबा आणि घड्याळजी गेले, शाळेला सुट्टी म्हणून तोफही गेली. कारकुनाने छापील अर्ज पुढे सरकवला. डावीकडे 'मालक', उजवीकडे 'भाडेकरू'. हा अर्ज बाबांनी दर वर्षी एकदा, असा बावीस वेळा भरला होता. हात सरावलेला. त्यांनी लेखणी उचलली आणि डावीकडे न बघता उजवीकडे सफाईने नाव, पत्ता, सही ठोकून दिली. घड्याळजीची लेखणीही सवयीने उजवीकडेच आली, तर तिथे जागा नव्हती.

"साहेब, इथे मी सही करायची असते," तो हळूच म्हणाला.

"माफ करा हं," बाबा ओशाळून म्हणाले, "झालीच आता माझी. तुम्ही तिकडे करून टाका ना."

तोफ त्या वेळी खिडकीपाशी कचेरीचा पाण्याचा नळ चालू करण्याची सूचना वाचत होती. सूचना चार पानी होती. नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं.

"डावीकडची जागा रिकामी सोडू नका," कारकून मान वर न करता म्हणाला. "रिकामा कागद परत जातो." घड्याळजीने मुकाट्याने डावीकडे सही केली. कारकुनाने शिक्का उचलला आणि असा हाणला, की टेबलावरचा चहाचा कप उडाला. सरकार दरबारी त्या क्षणापासून घड्याळजी मालक झाला आणि बाबा त्याचे भाडेकरू.

हे कळलं आठवड्याने. बाबा नव्या इमारतीत गेले तर जिन्यातल्या फळ्यावर चौथ्या मजल्यापुढे घड्याळजीचं नाव. इमारतीच्या सेक्रेटरींना बाबांनी खरेदीखत दाखवलं. सेक्रेटरींनी ते उन्हात धरून बघितलं. "हा कागद जुना. तुमचा भाडेकरार ताजा आहे, शिक्काही मोठा आहे. आज संध्याकाळी मालकांची सभा आहे, भाडेकरूंनी कृपया बाहेर थांबावं."

बाबा बाहेर थांबले. त्यांना सवय होती.

कचेरीत परत गेले, तर कारकून म्हणाला, "चूकदुरुस्तीसाठी मालकाचा अर्ज लागतो."

"मीच मालक."

"कागदावर कोण आहे?"

"कागदावर चूक आहे, तीच तर..."

"मग चुकीच्या मालकाचा अर्ज आणा. बरोबर मालक असल्याचा तुमच्याकडे पुरावा नाही."

आता घड्याळजीने अर्जावर एक सही करायची, संपलं. पण कागदाचा महिमा मोठा. आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावर नाव लागलेला तो वाकलेला माणूस एका आठवड्यात सरळ झाला होता. बाबा आणि तोफ भेटायला गेले, तर त्याने दार अर्धंच उघडलं. आतून सत्तावीस घड्याळांची टिकटिक अशी येत होती, की पन्नास पोरं एकदम कैऱ्या खातायत असं वाटावं. फटीतून दिसेल त्या भिंतीवर घड्याळंच घड्याळं, लंबकाची, कोंबड्याची, एक तर जहाजाच्या आकाराचं. प्रत्येकाला आपला स्वतंत्र, भरभक्कम, दोन इंची खिळा.

तोफेने दिसेल तो खिळा मोजला. पलंगाखालची ढाल तिच्या डोळ्यांसमोर आली.

"सहीचं बघू," घड्याळजी एक डोळा बारीक करून म्हणाला. "घाई काय आहे? आणि हे बघा, येताना आधी कळवत जा. चपला बाहेर काढल्यात ना?"

"हो हो," म्हणत बाबा जिना उतरले. टाचा उचलून.

त्या दिवशी तोफ रस्त्याने बाबांशी एक शब्द बोलली नाही. तोफ गप्प बसणं ही एवढी मोठी गोष्ट होती, की आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"ढाल परत द्यायला तीन महिने राहिलेत," तोफ शेवटी म्हणाली. "ती एक दिवसही भिंतीवर लागली नाही. आपलं घर आहे, आपली भिंत आहे, आणि त्या भिंतीवर लाकडी कोंबडा लटकतोय."

बाबा खाली मान घालून साखरेच्या डब्याला टेकलेलं घड्याळ उगाच सरळ करत बसले.

आणखी दोन महिने असेच अर्जविनंत्यांत गेले. सुटका केली ती तेविसाव्या खिळ्याने. हा खिळा मोरीशेजारच्या भिंतीत होता, जहाजाच्या घड्याळाचा, आणि तो भिंतीआडच्या पाण्याच्या नळीत रुतला होता. नळी बिचारी दोन महिने दम धरून होती. एका शनिवारी दुपारी तिचा धीर सुटला. खालच्या मजल्यावर एक वकीलबाई राहायच्या. त्यांच्या टेबलावर, नेमक्या अपिलाच्या कागदांवर, छतातून धार लागली.

निरोप आला तसे बाबा, आई आणि तोफ धावले. वर जाऊन बघतात तो वकीलबाई भिजलेली फाइल हातात धरून खोलीच्या मधोमध उभ्या. मागे सेक्रेटरी. जहाजाचं घड्याळ पहिल्यांदाच खऱ्या पाण्यात तरंगत होतं.

"एकच प्रश्न विचारते," वकीलबाई म्हणाल्या. "या घराचा मालक कोण?"

"हे!" घड्याळजीने बाबांकडे बोट दाखवलं. तो क्षणात पुन्हा वाकला होता. "मी साधा भाडेकरू, बाई. माझी कुठली एवढी ऐपत?"

"छे छे!" बाबा सवयीने म्हणाले. "मी भाडेकरू. कागदावर तशी सही आहे माझी."

"अहो, तुमचं घर आहे!"

"तुमचं नाव आहे फळ्यावर!"

"फळ्याचं काय घेऊन बसलात? खडूने लिहिलंय, पुसून टाकतो!"

"तुम्ही आधी", "तुम्ही आधी" हे त्यांचं जुनंच, फक्त आता कुणालाच आत जायचं नव्हतं. खिळा ठोकणारा म्हणे मालकाने परवानगी दिली. परवानगी देणारा म्हणे मी भाडेकरू, मी कोण देणार! वकीलबाईंची मान इकडून तिकडे फिरून थकली.

"ठीक आहे," त्या सेक्रेटरींकडे वळून म्हणाल्या. "दोघंही नाही म्हणतायत. म्हणजे घर बेवारस. लिहून घ्या, दोघांच्या सह्या घ्या आणि इमारतीने ताब्यात घेऊन टाका."

सेक्रेटरींनी लेखणी काढली. आईने पदराने तोंड दाबलं. वीस वर्षांची काटकसर घोटाभर पाण्यात बुडायला निघाली होती आणि बाबा, सहीसाठी कुणी कागद पुढे केला की हात आपोआप उचलला जाणारे बाबा, खिशातली लेखणी चाचपत होते.

तोफ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. भाषणाच्या वेळी तिच्या बाईंनी तिला जे सांगितलं होतं तेच तिने सांगितलं. फक्त ती कुजबुजली. "बाबा, पाय जमिनीवर टेकवा. टाचांसकट. आणि पहिलं वाक्य मोठ्याने."

बाबांनी खाली बघितलं. टाचा पाण्यात टेकवल्या. चपळक् असा आवाज झाला.

"मालक मी आहे!"

आवाज एवढा मोठा निघाला, की भिंतीवरची तीन बंद घड्याळं चालू झाली. आवाज खाली जातो हे बाबांचं मत खरं ठरलं, कारण थेट तळमजल्यावरून कुणीतरी "कोण मेलं?" असं ओरडलं.

"माझं घर आहे," बाबा म्हणाले, आता जरा हळू, पण स्पष्ट. "नळी मी दुरुस्त करतो. बाईंचं छतही रंगवून देतो. आणि अर्ज चुकीचा भरला, तोही मीच."

घड्याळजीने दुरुस्तीच्या अर्जावर उभ्या उभ्या, भिजलेल्या सेक्रेटरींच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मालकी गेल्याचा एवढा आनंद झालेला माणूस तोफेने दुसरा पाहिला नाही. "मला काही मालक व्हायचं नव्हतं हो," तो जाताना म्हणाला. "फळ्यावर नाव बघितलं आणि डोकं फिरलं. माझी दुकानामागची खोलीच बरी." आणि तो घड्याळं काढून घेऊन गेला. खिळे मात्र तिथेच राहिले. खिळे काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि परवानगीशिवाय काही करायचा त्याचा स्वभाव नव्हता.

राहिलं एकच. खालच्या मालकांना सांगणं.

बाबांना वाटलं होतं, एकदा ओरडता आलं की सगळीकडे येतं. तसं नसतं. मालकांच्या दारात उभे राहिले आणि टाचा आपोआप वर गेल्या. "माझा एक मित्र आहे," ते म्हणाले, "तो घर सोडून जायचं म्हणतोय..."

"काका," तोफ मध्येच म्हणाली, "मित्र वगैरे कुणी नाही. आम्हीच जातोय. आमच्या घरात."

मालकांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. चष्मा कपाळावरून नाकावर आपसूक उतरला. बाबांनी डोळे मिटले.

"खरंच?" मालक म्हणाले. आवाज थरथरत होता. "नक्की ना? मागे फिरणार नाही ना?" आणि त्यांनी चक्क बाबांचे दोन्ही हात धरले. "अहो, तुम्ही राहायला आलात त्याच वर्षापासून धाकट्या भावाला वर आणायचं म्हणतोय. पण तुम्ही एवढे चांगले, तुम्हाला 'जा' म्हणणार कसं? म्हणून खिळे बंद केले. पाहुणे बंद केले. नळ बंद केला. वाटलं, कंटाळून जाल. तुम्ही प्रत्येक वेळी खाली येऊन आभार मानून गेलात! मला तर तुमची भीतीच वाटायला लागली होती."

बाबा तिथल्या खुर्चीवर बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. न विचारता.

सामान चौथ्या मजल्यावर चढवता चढवता आठवडा गेला. नळीच्या जागी ओल्या गिलाव्याचा ठिपका होता. बाकी सव्वीस खिळे चारही भिंतींतून डोकी बाहेर काढून उभे होते. आईने एकावर कॅलेंडर लावलं, एकावर आरसा, आणि आजोबांना कपाटावरून उतरवून तिसऱ्यावर उभं केलं. आजोबा जरा गांगरल्यासारखे दिसले. सगळ्यात शेवटी तोफेने ढाल काढली, फडक्याने पुसली. शाळेला परत द्यायला नऊ दिवस उरले होते.

"घे," बाबा उदारपणे हात फिरवत म्हणाले. "तेवीस खिळे शिल्लक आहेत. हवा तो निवड."

"कोंबड्याचा चांगला मजबूत आहे," आई म्हणाली.

तोफेने भिंतीकडे बघितलं. मग शेजारून मागून आणलेला हातोडा पाठीमागून पुढे घेतला.

"मी ठरवलंय," ती म्हणाली, आणि हे ती कुजबुजली नाही. "त्यातला एकही नको. माझा खिळा मी ठोकणार. नवीन. आत्ता. तुम्ही दोघं जरा मागे सरका. आणि बाबा, टाचा खाली."